अबलाश्रम आणि बाजारपेठ

इ. स. १९१४ मध्ये बडोदे येथे महाराणी चिमणाबाई यांच्या पुढाकाराने स्त्रियांसाठी एक संस्था स्थापन झाली. त्या काळी निराधार स्त्रियांकरिता निघणाऱ्या संस्थांच्या नावांत अनाथ, अबला, विधवा, आश्रम असे शब्द सामान्यतः आढळत. बडोद्याच्या या संस्थेचे नाव मात्र ‘महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय’ असे ठेवण्यात आले. या नावात स्त्रीच्या दुःखाचा उल्लेख नाही. तिच्या हातांचा आहे. शंभराहून अधिक वर्षे लोटली, संस्थान गेले, राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी उद्योगालय बडोद्यात नांदत आहे.

संकटात सापडलेल्या स्त्रीला छप्पर देणे हे धर्मकृत्य आणि माल घेणे-विकणे हा व्यवहार, अशी आपल्याकडे फार दिवसांची समजूत आहे. व्यापारी पाणपोई घालतो, आश्रमाला धान्याची पोती पाठवितो आणि पुन्हा आपल्या गादीवर जाऊन बसतो. पुण्याची वही वेगळी, धंद्याची वही वेगळी. या दोन वह्यांचा एकमेकींशी काही संबंध असावा काय, आणि असल्यास तो कोणत्या स्वरूपाचा, हा प्रश्न गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रात आणि गुजरातेत वारंवार उभा राहिला. त्याची उत्तरे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळी दिली. ती क्रमाने पाहिली म्हणजे बडोद्याच्या त्या नावाचे महत्त्व ध्यानात येते.

पहिले उत्तर पुण्याचे आहे. जोतीराव फुले हे समाजसुधारक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. ते ठेकेदारही होते, ही गोष्ट तितकीशी स्मरणात राहत नाही. खडकवासल्याच्या धरणाच्या कामास त्यांनी दगडाचा पुरवठा केला. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ या व्यवसायसंस्थेशी त्यांचा संबंध होता. या गृहस्थाने व त्याची पत्नी सावित्रीबाई हिने १८६३ मध्ये आपल्या राहत्या ठिकाणी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. बालविधवेस पुनर्विवाहाची वाट बहुधा बंद असे, आणि घरातल्याच कोणाच्या अत्याचाराने तिला दिवस गेले तर तिच्यापुढे विहीर किंवा भ्रूणहत्या याखेरीज मार्ग उरत नसे. अशा स्त्रियांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा तेथेच ठेवावे, अशी तेथे सोय होती. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास फुले दांपत्याने दत्तक घेतले, आणि पुढे तो डॉक्टर झाला. याच जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या आपल्या ग्रंथातील भाग बडोद्यास तरुण सयाजीराव महाराजांना वाचून दाखविला होता. पुण्याच्या सुधारणेचे वारे बडोद्यापर्यंत पोहोचण्यास रेल्वेपेक्षाही अशा भेटी अधिक उपयोगी पडल्या.

वारा उलट दिशेनेही वाहत होता. १८७५ मध्ये पंढरपुरास बालहत्या थांबविण्यासाठी जो आश्रम निघाला, त्याच्या मागे लालशंकर उमियाशंकर हे गुजराती न्यायाधिकारी होते. यात्रेच्या निमित्ताने विधवांना पंढरपुरास आणून सोडून देण्याचा प्रकार त्या वेळी नवीन नव्हता. त्यांच्या अर्भकांसाठी एका गुजराती माणसाने भीमेच्या काठी घर उभारावे, यात या दोन भाषांचे नाते किती जुने आहे ते दिसते.

या दोन्ही ठिकाणी स्त्रीला आश्रय मिळाला. परंतु बाळंतपण उरकल्यावर, अब्रू वाचल्यावर, पुढे काय? तिचे पोट कोणी भरावयाचे, आणि किती दिवस? या प्रश्नाला पंडिता रमाबाईंना अगदी रोखठोक सामोरे जावे लागले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले, ते अमेरिकेतील मदतीच्या बळावर. बॉस्टन शहरात १८८७ मध्ये त्यांच्या नावाने जी मंडळी स्थापन झाली, तिने दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले होते. दहा वर्षे हा मुलीच्या आयुष्यात थोडा काळ आहे. मुदत संपल्यावर सदन बंद पडू नये म्हणून रमाबाईंनी पुण्याजवळ केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खोदविल्या व फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा त्यांचा हिशेब होता. विदुषी म्हणून कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळविणाऱ्या स्त्रीने संत्र्यांच्या उत्पन्नाचे गणित मांडावे, हे पाहून त्या काळी काहींना हसू आले असेल. परंतु देणगी संपते, हे तिला इतरांच्या आधी समजले होते.

तो हिशेब पुरा होण्यापूर्वीच दुष्काळ आला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १८९९-१९०० च्या, गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुष्काळात गुजरातेतून, शेकडो मुली व स्त्रिया केडगावास आणल्या गेल्या. छप्पनियाने बडोदे संस्थानाची काय दशा केली ते खानेसुमारीच्या आकड्यांवरून कळते. १८९१ मध्ये संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती १९ लाख ५३ हजारांवर आली. अशा उपासमारीत घरातील पुरुष मेला किंवा परागंदा झाला की तरुण स्त्री रस्त्यावर येई, आणि भाकरीच्या आमिषाने तिला घेऊन जाणारे लोक स्टेशनास्टेशनावर टपलेले असत. केडगावच्या मुक्ती सदनात या मुलींना शेती, दुभती जनावरे, विणकाम, शिवण आणि छापखान्यातील कामे शिकविण्यात आली. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात, तेथल्या स्त्रियांच्या हातांनी जुळविलेल्या खिळ्यांतून छापले गेले.

रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये त्यांच्याशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना केली. आश्रमाला पुण्याबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन मिळाली ती रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांच्याकडून. तेथील झोपडीपासून पुढची सारी वाट देणग्यांनी बांधलेली आहे. आश्रमाच्या पार्वतीबाई आठवले यांनी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली, आणि पुढे त्या अमेरिकेत जाऊन दुसऱ्याच्या घरी भांडी घासून इंग्रजी शिकल्या, हे सर्वश्रुतच आहे.

येथे बडोद्याच्या कथेत एक व्यापारी येतो. २० जुलै १९०८ रोजी सयाजीरावांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. तिच्या उभारणीत ज्या उद्योगपतींचा हात होता, त्यांत मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे एक. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, त्याला १९२० मध्ये याच विठ्ठलदासांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. विधवांच्या आश्रमातून उगवलेल्या रोपट्याचा त्या देणगीने वृक्ष झाला, यात संशय नाही. परंतु एवढ्या मोठ्या देणगीबरोबर नाव आले, अटी आल्या, आणि १९३६ मध्ये पुण्याचे मुख्य ठाणे मुंबईस हलले. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. देणारा आपल्या मनातले काही तरी देणगीबरोबर देत असतोच. घेणाऱ्याने मात्र ही गोष्ट आधीच ओळखून असावे.

आता पुन्हा बडोद्यास यावयाचे. देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई १८८५ च्या सुमारास सयाजीरावांशी विवाह होऊन बडोद्यास आल्या व चिमणाबाई झाल्या. त्यांचे शिक्षण बहुतांशी लग्नानंतर राजवाड्यातच झाले. राजवाड्याबाहेरचे बडोदे त्या वेळी वेगाने बदलत होते. १८९० मध्ये कलाभवन निघाले. सर्व संस्थानात मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सक्तीचे झाले. बालविवाहास आळा घालणारा कायदा १९०४ मध्येच झाला होता. कलाभवनाचे त्रिभुवनदास गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये अ‍ॅलेम्बिक हा रसायनांचा कारखाना जन्मास आला. शाळा, कारखाना आणि बँक ही तिन्ही त्या नगरीत वीस वर्षांच्या आत उभी राहिली. पण या तिन्हींची दारे प्रथम उघडली ती पुरुषांसाठी. वीस वर्षांची विधवा किंवा टाकलेली स्त्री त्या दारांबाहेरच होती.

सयाजीरावांबरोबर चिमणाबाईंनी युरोप पाहिला होता. १९१० मध्ये जपान व अमेरिकाही पाहिली. परदेशांत स्त्रिया कोणकोणती कामे करून पोट भरतात, याची त्यांनी चौकशी केली, आणि १९११ मध्ये एस. एम. मित्र यांच्या सहकार्याने हिंदी स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात करुणेपेक्षा कामधंद्यांची चर्चा अधिक आहे. घरबसल्या करता येणारे उद्योग, सहकारी संस्था, स्त्रियांना योग्य अशा नोकऱ्या, हे त्याचे विषय. तीन वर्षांनी निघालेले उद्योगालय हे या विचाराचेच फळ होय. शिवणकाम आणि भरतकाम यांसारखी जी विद्या स्त्री घरात विनामूल्य वापरीत असे, तिला बाजारात मोल आहे हे उद्योगालयाने दाखवून दिले. पुढे जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षपदी चिमणाबाईंचीच निवड झाली. बडोद्यात हिंदू स्त्रीस घटस्फोट मागता यावा असा कायदा १९३१ मध्ये झाला. कायद्याने मोकळी झालेली स्त्री जगणार कशावर, या प्रश्नाचे निदान एक उत्तर त्या नगरीत सतरा वर्षे आधीच उभे होते.

या उत्तराचे मर्म असे की व्यापाऱ्याने आश्रमाकडे दाता म्हणून येण्याऐवजी गिऱ्हाईक म्हणून यावे. दाता वर्षातून एकदा येतो; गिऱ्हाइकाची गरज दर महिन्यास असते. दात्याच्या पैशाने महिन्याचे धान्य भरते. गिऱ्हाइकाच्या पैशाने स्त्रीच्या नावावर मजुरी जमते, आणि आश्रम सोडून जाण्याचे धैर्य तिला त्या मजुरीतून येते. मात्र गिऱ्हाईक झालेल्या व्यापाऱ्याने एक पथ्य पाळले पाहिजे. बिचाऱ्यांनी शिवले आहे म्हणून वाकडी शिवण खपवून घेणे हा उपकार नव्हे, आणि आश्रमातल्या बाया म्हणून निम्म्या दराने काम करून घेणे हा तर उघड अन्याय होय. पहिल्याने कारागिरी बिघडते, दुसऱ्याने माणूस नाडला जातो.

हे पथ्य एका व्यापाऱ्याने किती चोख पाळले, त्याचे उदाहरण मुंबईचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात गुजराती गृहिणींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास सुरुवात केली. भांडवल होते ८० रुपये, तेही उसने घेतलेले. ते देणारे छगनलाल करमसी पारेख, ज्यांना सारे छगनबाप्पा म्हणत. त्यांनी ही रक्कम कर्ज म्हणून दिली आणि बरोबर उपदेशही दिला : पापड एकाच प्रतीचा करा, हिशेब धंद्यासारखा चोख ठेवा, आणि दान मागू नका. तोटा आला तरी देणगी घ्यावयाची नाही, हा नियम ‘लिज्जत’च्या भगिनींनी आपल्या कारभाराचा पाया मानला. त्या निराधार नव्हत्या, ही गोष्ट खरी. परंतु ज्या वस्तीत पापडाची पिठी घरी नेऊन लाटण्याचे काम मिळते, तेथे नवऱ्याने टाकलेल्या बाईला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत नाही. आश्रमाची पायरी चढण्याचा प्रसंगच ज्याने टळतो, तेही आश्रयाचेच काम समजावयास हवे.

कर्जाचा हा मार्ग पुढे बडोद्यात जन्मलेल्या बँकेपर्यंतही येऊन पोहोचला. १९ जुलै १९६९ रोजी बँक ऑफ बडोदाचे इतर तेरा बँकांबरोबर राष्ट्रीयीकरण झाले. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या बायका त्या वेळी सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीत गळ्यापर्यंत बुडालेल्या होत्या. त्यांतल्या कितीकांचे नवरे गिरणीतून कमी झालेले, व्यसनी किंवा परागंदा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, आणि तारण म्हणून द्यावयास ज्यांच्याजवळ स्वयंपाकाच्या भांड्यांपलीकडे काही नव्हते, अशा स्त्रियांना बँक ऑफ बडोदाने छोटी कर्जे दिली. एकमेकींच्या शब्दावर घेतलेली ती कर्जे होती. ज्या बँकेच्या उभारणीत विठ्ठलदास ठाकरसींनी भाग घेतला, त्याच बँकेच्या गल्ल्यावर साठ-सत्तर वर्षांनी खाणावळवाली बाई देणगीसाठी हात पसरावयास नव्हे, तर कर्जदार म्हणून सही करावयास उभी राहिली. बडोद्याच्या उद्योगालयामागे जो विचार होता, त्याचाच हा पुढला टप्पा म्हणता येईल.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचारविषयक कायद्याने पीडित स्त्रीस आश्रयगृहात जागा मागण्याचा मार्ग मोकळा केला. वडोदऱ्यात शासनाचे नारी संरक्षण गृह आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर असे बंधन घातले की मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील निदान २ टक्के रक्कम त्यांनी समाजकार्यास लावावी. आणि त्या कार्यांच्या यादीत स्त्रियांसाठी निवास व वसतिगृहे उभारणे हे स्पष्टपणे नमूद आहे. वडोदऱ्याच्या परिसरात रसायने, औषधे, खते आणि यंत्रे यांचे कारखाने दाटीने वसलेले आहेत. म्हणजे विठ्ठलदासांनी जे स्वेच्छेने केले, ते आता काही अंशी कायद्याने करावयाचे आहे. पैशाची वाट रुंद झाली, हे चांगलेच झाले.

तथापि, कायदा देणगी देववू शकतो. गिऱ्हाइकी देववू शकत नाही. वडोदऱ्यातील एखाद्या शाळेने आपल्या मुलांचे गणवेश, इस्पितळाने चादरी, कारखान्याने उपाहारगृहातील फराळ एखाद्या महिला संस्थेकडून घ्यावयाचे ठरविले, तर त्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. गरज आहे ती तीन गोष्टींची. काम वर्षभर मिळावे. दर बाजाराप्रमाणे ठरावा. आणि पैसे वेळेवर मिळावेत. या तिसऱ्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कापड रोखीने आणावयाचे, मजुरी आठवड्याला द्यावयाची आणि बिल मात्र तीन महिन्यांनी मिळावयाचे, असे झाले की लहान संस्था प्रेमाने मारली जाते. लहान पुरवठादारांचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करावेत, असे २००६ चा लघुउद्योगविषयक कायदा सांगतो. आश्रमाला शंभर घोंगड्या वाटणाऱ्या कंपनीने आश्रमाचे बिल थकविले, तर त्या घोंगड्यांची ऊब कितीशी टिकणार?

आणखी एक गोष्ट आहे. ती जोतीरावांच्या घराने १८६३ मध्येच शिकविलेली आहे. आश्रयास आलेल्या स्त्रीची ओळख झाकलेली राहणे, ही तिच्या सुरक्षिततेची पहिली अट होय. मारहाणीला कंटाळून निघून आलेल्या स्त्रीचा नवरा किंवा दीर तिला शोधत असतो. शिलाई यंत्रे वाटण्याचा समारंभ, यंत्रामागे ओळीने उभ्या केलेल्या बायका आणि दुसऱ्या दिवशी सर्वत्र पोहोचलेले त्यांचे छायाचित्र, यामुळे तिचा ठावठिकाणा घरबसल्या कळतो. देणाऱ्याची कीर्ती आणि घेणारीचा जीव यांत जेथे विरोध येतो, तेथे कीर्तीने मागे राहावे. माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला अशा छायाचित्राची आवश्यकता सहसा भासत नाही. त्याला गणवेशाची बटणे घट्ट बसली आहेत की नाहीत, एवढेच पाहावयाचे असते.

आश्रमाची गरज संपलेली नाही, आणि रात्री-अपरात्री घरातून हाकलून दिलेली स्त्री आहे तोवर ती संपणारही नाही. पहिल्या रात्री तिला छप्पर हवे, औषध हवे, जवळ बसणारे माणूस हवे. त्या रात्रीचा खर्च दानातूनच भागणार. प्रश्न तिच्या दोनशेव्या रात्रीचा आहे. तोवर तिच्या हाती एखादे काम, नावावर एखादे खाते आणि भाड्याने खोली घेता येईल एवढी मिळकत आली असेल, तर आश्रमाचे काम पुरे झाले म्हणावयाचे. या कामात व्यापाऱ्याचा वाटा मोठा आहे, आणि तो त्याला आपल्या गादीवर बसूनच उचलता येतो. केडगावच्या बागेत, बडोद्याच्या उद्योगालयात, गिरगावच्या गच्चीवर आणि गिरणगावच्या खाणावळीत ही गोष्ट निरनिराळ्या माणसांनी करून दाखविली आहे. वडोदऱ्याच्या बाजारपेठेने ती आपल्याच गावाच्या इतिहासातून उचलावी, यासाठी फार दूर पाहावयास नको.